पांढरी-निळी वायर

बॉनेट आपटून बंद केलं आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. गाडीत कुणी नव्हतं, किल्ली माझ्या खिशात होती, आणि गाडी आपली एकटीच उभी राहून बोंबलत होती. मी आधी मागे वळून पाहिलं, कोण मूर्ख वाजवतोय म्हणून. पाठीमागे पार्किंगची भिंत होती. मग घाईघाईने बॉनेट पुन्हा उघडलं, तर तो आवाज थेट तोंडावर आला आणि मी असा दचकलो की डोकं खाडकन वरच्या पत्र्यावर आदळलं. डोळ्यांपुढे काजवे. वरच्या बाल्कन्यांमधून माणसं डोकावायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर, ज्याला मी सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर बोललो होतो की तुमच्या पेशंटांच्या गाड्या आमच्या जागेत नकोत, तो बनियनवर उभा राहून खाली बघत होता, आणि त्याला मजा येत होती. येणारच. शेवटी वॉचमन धावत आला, त्याने खिशातून पाना काढला आणि बॅटरीची एक तार उपटली. एकदम शांत झालं. इतकं, की माझ्या कानातला ठणका मला ऐकू यायला लागला. वॉचमन आत वाकून म्हणाला, "साहेब, उंदीर. सगळं खाऊन टाकलंय बघा." मी बघितलं. इंजिनाच्या कोपऱ्यात कापसाचं आणि कागदाच्या कपट्यांचं एक नीटस घरटं होतं आणि त्याच्या आजूबाजूला वायरींच्या जुडग्यातून तांब्याचे केस बाहेर आले होते. किल्ली फिरवून फिरवून गाडी सुरू का होत नव्हती ते कळलं. पण आजच? आजचाच दिवस मिळाला?

आज मला अक्काकडे जायचं होतं. अक्का म्हणजे माझी मोठी मेहुणी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते, आणि गेले काही महिने आमची ही तिच्याकडे आहे. आहे म्हणजे, गेली ती परत आलीच नाही. सुरुवातीला मी लोकांना अक्काची तब्येत सांगत होतो. नंतर लोकांनी विचारणं सोडलं. आता अक्का कायमची लेकाच्या गावी राहायला चालली होती, आज संध्याकाळी तिच्या सामानाचा टेंपो निघणार होता, आणि हिने फोनवर सांगितलं होतं, "अक्का म्हणतेय तूही चल. मी अजून काही ठरवलेलं नाही. तुम्ही रविवारी या. गाडी घेऊन या." मी म्हटलं, "गाडी कशाला, रिक्षाने येतो, पार्किंगची मारामारी असते तिथे." तर म्हणाली, "नाही. गाडीच घेऊन या." मी समजलो, सामान असेल. तिची एक पत्र्याची ट्रंक आहे, लग्नात आणलेली, ती रिक्षात मावत नाही. ट्रंक आणायची म्हणजे ती यायला तयार आहे, असा मी हिशेब केला आणि खूश झालो, चादरीसुद्धा बदलल्या. आता पार्किंगमध्ये डोकं चोळत मी तिला फोन लावला. म्हटलं, उशीर होईल, गाडीच्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात. ती म्हणाली, "कुठल्या?" मला रागच आला. कुठल्या म्हणजे काय? बायकोने विचारावं किती वेळ लागेल, लागलं का कुठे, जेवलात का. म्हटलं, "सगळ्याच." "बरं," ती म्हणाली. "बघा. टेंपो सहाला निघतो." आणि फोन ठेवला.

उंदीर शिरणारच होते. ती गेल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. मला कुठे जायचं असतं? मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार घ्यायचा, ह्यासारखं सुख नाही, पण सवय फार वाईट लागते. निवृत्त झाल्यावर चुका थांबत नाहीत, फक्त कागद थांबतो. रस्त्यावर तर जिकडे बघावं तिकडे चुकाच. हा वळताना दिवा दाखवत नाही, तो मधल्या पट्ट्यात रांगतोय, ती फोनवर बोलत चाललीय. तिथे लाल शाई चालत नाही. तिथे हॉर्न असतो. मी हॉर्न वाजवायचो, हे मी नाकारत नाही. गरज असेल तेव्हाच वाजवायचो. गरज फार वेळा पडायची, त्याला मी काय करणार? आणि ह्या गाडीचा हॉर्न तर जवळजवळ पहिल्यापासून नाठाळ. ऐन मोक्याला दगा द्यायचा. समोर एखादा गाढव आडवा आला, मी तळहात दाबला, की गप्प. थोड्या वेळाने आपोआप ठणठणीत. किती जणांना दाखवला. प्रत्येक जण वाजवून बघायचा, पॅं पॅं, आणि म्हणायचा, चांगला आहे की काका. लूज कॉन्टॅक्ट असेल. गाडी बदलण्यापर्यंत गोष्ट गेली होती. शेवटी दोन सुरांचा नवा महागाचा हॉर्न बसवून घेतला, तर तोही तसाच. दुकानात तो निवडताना ही बरोबर होती. "हा घ्या," म्हणाली होती, "ह्याचा आवाज जरा सभ्य आहे."

वॉचमनने ज्याला बोलावलं त्याला सगळे बॅटरीवाला म्हणतात. पन्नाशीचा गृहस्थ, पोट सुटलेलं, तोंडाचा पट्टा चालू. स्कूटरवरून उतरायच्या आधीच त्याने निदान केलं, "उंदीर." म्हटलं, वॉचमनने सांगितलं वाटतं. "सांगायला कशाला पाहिजे? आत्ता सगळा धंदा उंदरांवरच चाललाय. माझ्या देवघरात त्यांचा फोटो लावायला हवा." त्याने बॉनेटखाली डोकं घातलं, घरटं उचलून बाजूला ठेवलं, आणि दिव्याच्या उजेडात एकेक वायर बोटांनी चाचपायला लागला. म्हणाला, वायरीचं वरचं आवरण त्यांना गोडसर लागतं म्हणतात. आपण काही चाखून बघितलेलं नाही. मी विचारलं, दुपारपर्यंत होईल का. तो म्हणाला, "उंदराने किती दिवस खाल्लं? तेवढे दिवस मी घेणार नाही, एवढं सांगतो." मला असली उत्तरं खपत नाहीत. एरवी मी त्याला तिथल्या तिथे हाकलला असता. पण घड्याळ चाललं होतं, म्हणून मूग गिळून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि शेजारी बसलो. बसून करायचं काय? त्याच्या चुका शोधत बसलो. तो जुडग्यावरची काळी नळी ब्लेडने चिरायचा, आतल्या वायरी पंख्यासारख्या पसरायचा, तुटलेली टोकं रंगाला रंग लावून शेजारी शेजारी धरायचा. टोकं सोलायची, पीळ द्यायचा, वर कथलाचा डाग द्यायचा. राळेच्या धुराचा वास यायचा. मग जोडावर एक बारीक नळी सरकवून लायटरची ज्योत खालून फिरवायची, की नळी आकसून वायरीला घट्ट बसायची. तपकिरीला तपकिरी, पिवळ्या रेघेच्या हिरवीला पिवळ्या रेघेची हिरवी. एकदा मला वाटलं, चुकला, मी म्हटलंसुद्धा, "अहो ती जांभळी आहे." तो न बघता म्हणाला, "काका, इंजिनाच्या धगीने विटलेली लाल आहे. बाराच्या उन्हात आपलं पण असंच होतं." पुढे सोलली तेव्हा आतून लालच निघाली. 

इंधनाच्या पंपाची वायर जोडून झाली. इंजिनाच्या दोन-तीन झाल्या. मग त्याचे हात थांबले, आणि त्याच वेळी तोंडही थांबलं, म्हणून माझं लक्ष गेलं. "ही कोणाची?" तो म्हणाला. त्याच्या बोटांत एक बारीक वायर होती, एक पांढरी आणि एक निळी एकमेकींभोवती पीळ दिलेल्या, उंदरांनी मध्यावर खाल्लेल्या. निळीचं उघडं तांबं पत्र्याला टेकून काळं पडलं होतं. "हिनेच बोंब मारली सकाळी. बॉनेट आपटलंत, ही चिकटली पत्र्याला, हॉर्न चालू. पण ही गाडीची वायर नाहीच. इतकी बारीक वायर कंपनी कधी टाकत नाही. ही टेलिफोनची आहे." त्याने ती ओढत ओढत माग काढला. हॉर्नच्या रिलेपासून, म्हणजे त्या छोट्या काळ्या डबीपासून जी हॉर्नला वीज सोडते, ती निघाली होती, इंजिनामागच्या रबरी बुचातून आत घुसली होती, दाराच्या कडेने सतरंजीखालून धावत जाऊन बाजूच्या सीटखाली गडप झाली होती. बॅटरीवाला गुडघे टेकून, अर्धा आत अर्धा बाहेर, सीटखाली हात घालून खुडबुडला. "सापडलं," तो आतून ओरडला. "चोर-स्विच!" सीटच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूला, कापडाच्या दुमडीत दिसणार नाही असा, एक नखाएवढा स्विच बसवलेला होता. तो म्हणाला, काही लोक चोराची गाडी सुरू होऊ नये म्हणून असा लपवून लावतात. मग स्वतःच विचारात पडला. "पण हा तर हॉर्नवर आहे. चोर काय हॉर्न वाजवत गाडी पळवतो? आणि बाजूच्या सीटखाली? चालवणाऱ्याचा हात तर इथे पोचतच नाही." त्याने खट्‌ करून स्विच दाबला, पुन्हा खट्‌ केलं. "हा दाबला की हॉर्न मेला. परत दाबला की जिवंत. कुणी केलंय काका हे? बसणाऱ्याने चालवणाऱ्याची चेष्टा केल्यासारखं आहे."

मी उठून जवळ गेलो. मला स्विच बघायचा नव्हता, तो मी नंतर बघितला. सतरंजी उचलल्यावर जी वायर दिसत होती, ती मी बघत होतो. ती मोकळी नव्हती. दर दोन बोटांवर मेणाच्या दोऱ्याची एक गाठ देऊन ती गाडीच्या मूळ वायरींशी बांधत नेली होती. सगळ्या गाठी एका रेषेत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. बॅटरीवाला म्हणाला, "असं आता कोणी बांधत नाही. टेप मारतात, विषय संपला. हे जुन्या एक्स्चेंजचं काम आहे." मला ते सांगायची गरज नव्हती. ती गाठ मी रोज बघत आलोय. आमच्या घरात पडद्याची दोरी, इस्त्रीची वायर, कोथिंबिरीची जुडी, माझ्या जुन्या पाकिटांचा गठ्ठा, सगळं ह्याच गाठीने बांधलेलं असतं. आमची ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. समोर बसून "हॅलो, हॅलो" करणारी नव्हे. मागच्या बाजूला, जिथे भिंतभर फळ्यांवर हजारो वायरी येतात, तिथे जोडण्या करणारी. लग्नाआधी मी एकदा तिला भेटायला तिथे गेलो होतो. शिडीवर उभी होती, गळ्यात दोऱ्याचं रीळ, तोंडात वायरीचा तुकडा, आणि चारी बाजूंनी नुसती खटखट, खटखट, हजारो माणसं एकमेकांना फोन लावत असल्याची. मी ओरडून विचारलं, "डोकं नाही उठत तुमचं?" ती खाली उतरून, माझ्या अगदी कानाशी येऊन म्हणाली, "म्हणून तर मला घरी कुणी ओरडलेलं आवडणार नाही." मी त्या वेळी हसलो होतो. नंतर ते विसरून गेलो. साफ विसरलो.

तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला सांगू? ह्या बाईने मला इतकी वर्षं वेड्यात काढलं! मी गॅरेजागॅरेजातून फिरतोय, लोकांशी हुज्जत घालतोय, दोन सुरांचा हॉर्न विकत घेतोय, आणि ही शेजारी बसून "दाखवा ना एकदा कुणाला तरी" म्हणतेय! दर वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात. आणि मग खिडकीबाहेर तोंड करून खोकायची. मी म्हणायचो, काच वर कर, धूर येतोय. तो खोकला नव्हता. ती हसत होती. केव्हा बसवला असेल? माझी कंबर धरली होती तेव्हा. मी बिछान्यावर पडून होतो आणि ती सर्व्हिसिंगहून गाडी आणायला गेली होती, यायला तिने खूप उशीर केला. मी विचारलं तर म्हणाली, थोडं काम राहिलं होतं. मी एकेक प्रसंग आठवायला लागलो आणि थांबता येईना. दगा हॉर्नने दिला होता, पण कुठे कुठे? शाळा सुटायच्या वेळी. शववाहिकेच्या मागे होतो तेव्हा. एक बाई काठी टेकत, दर पावलाला थांबत रस्ता ओलांडत होती तेव्हा. वाहतुकीच्या हवालदाराने हात केला आणि मी त्याच्यावरच वाजवायला गेलो तेव्हा. वाजला असता तर मी रात्र चौकीवर काढली असती. आणि मोकळ्या रस्त्यावर, आंधळ्या वळणावर, घाटात? तिथे कधी बंद पडला नव्हता. एकदाही नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की हॉर्न मनाला येईल तेव्हा बंद पडतो. तो कधीच मनाला येईल तेव्हा बंद पडला नव्हता. एखाद्या चांगल्या मुद्रितशोधकाने काम केल्यासारखं ते काम होतं, आणि लेखकाला पत्ता नव्हता. हे लक्षात आल्यावर रागाचं काय करावं तेच मला कळेना. बॅटरीवाला तोंडात ब्लेड धरून माझ्याकडे बघत होता. "काका, पाणी पिता का?" मी म्हटलं, "माझी बायको आहे." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "स्विच. बायकोने बसवलाय." तो इतका हसला की त्याला बॉनेट धरावं लागलं. मीही हसलो असतो. पण तेवढ्यात मला तो दिवस आठवला.

ती गेली त्या दिवशीचा. आम्ही बँकेतून परत येत होतो. सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलेना. मी वाजवला. हलेना. मग मी हात उचललाच नाही, दाबूनच धरला. त्या गाडीतून एक म्हातारा उतरला. पायात घरातल्या सपाता, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्याची गाडी बंद पडली होती. त्याने बॉनेट उघडलं आणि आत वाकला, आणि माझ्या हॉर्नने दचकून त्याचं डोकं वर आदळलं. तो परत वाकला, परत आदळलं. एक हात आमच्याकडे करून, थांबा, थांबा, असं सांगत होता. सिग्नल लाल झाला, परत हिरवा झाला, मी वाजवतच होतो. हॉर्न खणखणीत चालला. एकदाही अडखळला नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, "बघ, आज कसा नीट वाजतोय." आणि आता, पार्किंगमध्ये उभं राहून, मला तिचे हात दिसले. तेव्हाही दिसले असणार, मी बघितले नव्हते. दोन्ही हात मांडीवर, पर्सवर, एकावर एक ठेवलेले. सीटखाली गेले नव्हते. तिने स्विच दाबला नव्हता. तिला दाबता आला असता. वायर तेव्हा शाबूत होती, उंदीर नंतर आले. तिने तो दाबलाच नाही. घरी आल्यावर चहा केला, कप धुतले आणि म्हणाली, "मी अक्काकडे जाते." मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "जाऊन ये." सकाळी डोक्याला आलेलं टेंगूळ मी बोटाने दाबून पाहिलं. दुखत होतं. मला रडू आलं, आणि वॉचमन, बॅटरीवाला आणि वरचा डॉक्टर असताना ते आलं ह्याचीसुद्धा फार लाज वाटली नाही.

"मग काय करू?" बॅटरीवाल्याने विचारलं. त्याचा आवाज जरा बदलला होता. "काढून टाकू? कंपनीची वायर सरळ जोडतो, स्विच गेला, कटकट गेली." मी म्हटलं, "काढायचा नाही. होता तसा जोडा." "अहो, हॉर्न परत मध्येच बंद पडेल." "पडू दे." त्याने खांदे उडवले, स्कूटरच्या डिकीतून तसलीच बारीक वायर शोधून काढली, पांढरीला पांढरी, निळीला निळी डागली. पण इंजिनापासून दारापर्यंतच्या गाठी त्याने माग काढताना ब्लेडने सपासप कापून टाकल्या होत्या, आणि आता तो काळा टेप घेऊन निघाला होता. मी ओरडलो, "टेप नको!" सवयीने ओरडलो. मग आवाज खाली आणून म्हटलं, "तिला कळेल." म्हणजे, मला कळलंय हे तिला कळेल. आणि तसं झालं तर ती तो स्विच पुन्हा कधी दाबणार नाही. माझ्यासमोर कशी दाबेल? बॅटरीवाला म्हणाला, "काका, ती गाठ आपल्याला येत नाही." मला तरी कुठे येत होती! इतकी वर्षं बघत होतो, सोडत होतो, घाई असली की कात्रीने कापत होतो. बांधून कधी पाहिली होती? मी वर घरात गेलो. तिच्या खणात मेणाच्या दोऱ्याचं रीळ जागच्या जागी होतं. नमुना म्हणून इस्त्री उचलली, तिच्या वायरीवर दोन गाठी शिल्लक होत्या. जिन्यात डॉक्टर भेटला. "आता काय, गाडीला इस्त्री?" म्हणाला. मी म्हटलं, "हो, चुण्या फार पडल्यात." तो बघतच राहिला. मी त्याला कधी न भांडता उत्तर दिलेलं नव्हतं.

गाडीच्या उघड्या दाराशी खाली बसून, एका मांडीवर इस्त्री आणि एका मांडीवर वायर घेऊन, मी काम सुरू केलं. हे काम मला येतं. मूळ प्रत इकडे, मुद्रित तिकडे, डोळा इथून तिथे. दोरा खालून वर, मग स्वतःच्याच पोटाखालून, मग उलटा ओढून. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली, पण तोंड विरुद्ध बाजूला. ती कापली. तिसरी तिच्यासारखी झाली, फक्त जाड झाली. दोन बोटांचं अंतर घेतलं तर नेमकं जमेना, मग लक्षात आलं की ही माझी बोटं आहेत, तिची बारीक आहेत; दीड बोट धरलं तेव्हा जुन्या गाठींशी जुळलं. कंबर दुखायला लागली. बॅटरीवाला त्याचं सामान आवरून बॉनेटवर रेलून बसला होता, जायचं नाव घेत नव्हता. मध्येच म्हणाला, "आमच्या घरी पण असा एक स्विच पाहिजे. तोंडाला." मी विचारलं, "कुणाच्या?" "माझ्याच," तो म्हणाला. शेवटची गाठ मारून मी सतरंजी जागेवर दाबून बसवली. स्विच चालूच्या बाजूला ठेवला, दोनदा बघितला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. हॉर्न वाजवून पाहिला, ठणठणीत. वॉचमन खुर्चीतून उडाला. इस्त्री मागच्या सीटवरच राहिली.

अक्काच्या दाराशी टेंपो लागला होता. कपाट आडवं होऊन त्यात गेलेलं होतं, गाद्यांच्या वळकट्या जात होत्या. उंबऱ्यात तिची ट्रंक. बाहेर नाही, आत नाही, बरोबर मधोमध. मी आलोय हे कळावं म्हणून फाटकापाशी एकदाच हॉर्न दाबला, वाजला. ती बाहेर आली. जरा बारीक झाली होती, की मला वाटलं. हातात पर्स होती. अक्काने माझ्याकडे बघून "या" म्हटलं आणि ह्या माणसाला बसायला खुर्ची उरलेली नाही म्हणून तिला बरंच वाटलेलं दिसलं. मी ट्रंकेच्या कडीला हात घातला. "राहू दे," ही म्हणाली. "आधी एक चक्कर मारून येऊ." अक्का म्हणाली, "अगं, टेंपो निघायचाय." "निघू दे ना सहाला. आम्ही येतो तोवर." आणि बाजूचं दार उघडून आपल्या जागेवर बसली. तिने मागे वळून इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्रीकडे, मग तिच्या वायरीवरच्या गाठींकडे. मी पटकन म्हटलं, "बिघडलीय. दुरुस्तीला टाकायचीय." तिने दार ओढून घेतलं.

गल्लीतून बाहेर पडलो. ती म्हणाली, "झाल्या सगळ्या वायरी?" "झाल्या." "काही काढावं नाही ना लागलं?" "नाही," मी समोर बघत म्हटलं. "जे होतं ते सगळं होतं तसं जोडून घेतलं." ती "हं" म्हणाली. चप्पल काढून पाय वर घेतले, नेहमीसारखे, आणि खाली वाकून चपला सारख्या केल्या. मी बघितलं नाही. मान इतकी सरळ ठेवली की दुखायला लागली. रस्ता वळून बाजारात शिरला. इथे गर्दी असते हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ह्या रस्त्याला आलो होतो, आणि तिलाही ते कळलंच असणार. जवळचा रस्ता दुसरा होता. पुढे एक म्हातारा गृहस्थ छोटी जुनी गाडी मागे घेऊन फुटपाथला लावायला बघत होता. जमत नव्हतं. पुढे, मागे, पुन्हा पुढे. अख्खा रस्ता अडवलेला. तो काय चुकत होता ते मला नेमकं दिसत होतं. चाक वळवायला उशीर करत होता. मागे गाड्या साठायला लागल्या. मला थांबता आलं असतं. खरं तर मला थांबायचंच होतं, त्याला हवा तेवढा वेळ घेऊ दे असंच मनात होतं, आयुष्यात पहिल्यांदा. पण मग मला कळणार कसं? ती घरी येणार आहे की पर्स मांडीवर घेऊन नुसती बसलीय, हे मी तिला विचारलं असतं तर ती "बघू" म्हणाली असती. मी तळहात उचलला. तिच्या मांडीकडे बघायचा मोह आवरला.  आता वाजला तर संपलं, हे मला स्वच्छ माहीत होतं. तो आवाज त्या म्हाताऱ्याला ऐकू येण्याआधी मला ऐकू येणार होता.

दाबला.

काही नाही. मी जोर देऊन पुन्हा दाबला. नुसतं प्लॅस्टिक आत गेलं आणि बाहेर आलं. म्हाताऱ्याची गाडी एकदाची फुटपाथला लागली, तो उतरला, आमच्याकडे बघून हात वर केला आणि निघून गेला. मागच्या सगळ्या गाड्या आमच्यावर वाजवायला लागल्या. "च्यायला," मी म्हटलं, आणि आवाज नेहमीसारखा निघावा म्हणून घसा साफ केला, "हा हॉर्न पुन्हा गेला वाटतं."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं होतं. ती खोकत होती. काच वरच होती.

"दाखवा ना एकदा कुणाला तरी," ती म्हणाली.

"दाखवतो," मी म्हटलं, आणि ट्रंक आणायला गाडी वळवली.